गाऊटचे नवे औषध आणि सही करण्याआधीचे प्रश्न



दोन वर्षांपूर्वी पेसाखची साफसफाई चालू असताना टपालातून एक पाकीट आले. पाकीट आमच्या सर्जरीचे. (इकडे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात, ऑपरेशनशी त्याचा संबंध नाही.) पत्र ह्यांच्या नावाने होते. मजकूर थोडक्यात असा, की आपल्याला गाऊटचा आजार आहे, रक्तातले युरिक ॲसिड कमी करणाऱ्या एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, भाग घेण्याची इच्छा असल्यास कळवावे.

ह्यांनी पत्र दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "या वयात कुणाला तरी आपला उपयोग आहे म्हणायचा!"

संध्याकाळपर्यंत बातमी अश्दोदला पोचली. वन्संचा फोन आला. "वहिनी, माझ्या दादाला उंदीर करणार का तुम्ही? जन्मभर नर्स होतात, आणि हे काय ऐकते मी?" आमच्या मुलाचे म्हणणे उलटे. "मम्मी, जाऊ दे डॅडींना. फुकट तपासण्या तरी होतील." दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे होते, हे आम्हाला पुढे कळले.

आमची शाळा मुंबईत झाली, नर्सिंगही तिकडेच शिकलो. १९७४ साली विलायतेला आलो आणि नोकरीच्या निमित्ताने या बेसिंगस्टोक गावी स्थिरावलो. राउंडअबाउट मोजता मोजता दिवस संपावा, असे हे गाव. इस्पितळातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी औषधाचा प्रश्न निघाला की घरातले सगळे आमच्या तोंडाकडे बघतात. या वेळी मात्र आम्हालाच पुस्तके काढून बसावे लागले. त्यातून जे हाती आले ते आपल्या बंधुभगिनींपुढे ठेवतो, कारण आपल्या समाजात हे दुखणे घरोघरी ऐकू येते.

अंगठ्याचे दुखणे

ह्यांना पहिला झटका आला तो किप्पूरचा उपास सोडला त्या रात्री. दोनच्या सुमारास उठून बसले. पायाचा अंगठा लालबुंद, सुजलेला आणि गरम. चादर टेकली तरी ओरडत होते. आम्हाला वाटले सिनेगॉगहून येताना पाय मुरगळला असेल. रक्त तपासले तेव्हा कळले की गाऊट आहे.

गाऊट म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगतो. आपल्या पेशी जुन्या होतात, मोडतात, त्यातून प्युरीन नावाचे पदार्थ सुटतात. काही प्युरीन अन्नातूनही येते. शरीर त्याचे युरिक ॲसिड करते आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. किडनीला ते पुरेसे टाकता आले नाही तर रक्तात साठते आणि सांध्यात सुईसारखे बारीक खडे धरतात. शरीर त्या खड्यांवर तुटून पडते, तोच झटका. उपासाने आणि पाणी कमी प्याल्याने युरिक ॲसिड चढते, म्हणून किप्पूरनंतर दुखणे उठण्यात नवल नाही.

जुन्या काळी याला राजांचा आजार म्हणत. त्यामुळे लोक हसतात, "खाण्यापिण्याचे लाड भोवले!" कलेजी, तारल्या, बिअर आणि साखरेची थंड पेये यांनी युरिक ॲसिड वाढते हे खरे. पण सुमारे दोनतृतीयांश युरिक ॲसिड शरीर आपले आपणच तयार करते. शिवाय घराण्यातून येणारा कल, किडनीचा कमजोरपणा, ब्लड प्रेशरसाठी दिलेली पाण्याची गोळी, यांचाही हात असतो. नुसते पथ्य पाळून आकडा थोडासाच उतरतो. ब्रिटनमध्ये दर चाळीस माणसांत साधारण एकाला गाऊट आहे, आणि ते सगळे काही राजे नाहीत! तेव्हा लाज वाटण्याचे कारण नाही.

जुनी औषधेसुद्धा कधीतरी नवी होती

चाचणी म्हटले की आपल्याला नवे औषध डोळ्यांपुढे येते. पण या आजाराची सगळ्यात जुनी औषधे पाहा. कॉल्चिसिन ज्या कंदातून निघते तो कंद शेकडो वर्षे सांधेदुखीवर वापरात आहे. त्याच्याच जातीचे सुरंजान आपल्याकडे युनानी हकीम देत. आम्ही शिकत होतो तेव्हा नियम असा होता, की दुखणे थांबेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत कॉल्चिसिनची गोळी देत राहायची. बहुतेक वेळा आधी जुलाबच लागत, आणि सुजलेल्या पायाने संडासाकडे धावणारे रोगी आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. मग अमेरिकेत १८४ रोग्यांवर जास्त मात्रा आणि कमी मात्रा यांची समोरासमोर चाचणी झाली. तिचा निकाल २०१० साली छापून आला. कमी मात्रा दुखण्यावर तेवढीच चालली आणि पोटाचा त्रास खूप कमी झाला. इतके जुने औषध, पण बेताने कसे द्यावे हे चाचणी झाल्यावर नीट कळले.

दुसरी गोष्ट ॲलोप्युरिनॉलची, आणि ती आपल्या लोकांनी अभिमानाने सांगण्यासारखी आहे. गर्ट्रूड एलियन ही न्यूयॉर्कमध्ये १९१८ साली जन्मलेली, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबातली मुलगी. आजोबा कॅन्सरने गेले तेव्हा तिने रसायनशास्त्र शिकायचे ठरवले. १९३७ मध्ये पदवी मिळाली, पण बाईमाणसाला प्रयोगशाळेत कोण घेणार? काही काळ तिने नर्सिंगच्या विद्यार्थिनींना बायोकेमिस्ट्री शिकवली. हे वाचून आम्हाला फार बरे वाटले! १९४४ साली ती बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली लागली.

ॲलोप्युरिनॉल मुळात गाऊटसाठी शोधलेच नव्हते. ल्युकेमियावर दिले जाणारे त्यांचेच एक औषध शरीरात लवकर मोडून जाई, ते टिकावे म्हणून हा उद्योग होता. रोग्यांना देऊन पाहिले तेव्हा त्यांचे युरिक ॲसिड उतरलेले दिसले, कारण युरिक ॲसिड बनवणाऱ्या एन्झाइमलाच ते अडवत होते. १९६३ मध्ये गाऊटवरचे निकाल छापले गेले आणि १९६६ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. १९८८ चे नोबेल पारितोषिक एलियन, हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांना मिळून दिले गेले. डॉक्टरेट पुरी न करता एलियनबाई तिथवर पोचल्या. आज ही गोळी अगदी स्वस्तात मिळते.

भीती का वाटते

वन्संची भीती उगाच नव्हती. १९८२ ची गोष्ट आम्हाला चांगली आठवते. संधिवातावर ओप्रेन नावाची नवी गोळी १९८० साली ब्रिटनमध्ये विक्रीला आली होती. ती एलाय लिली कंपनीची. या कंपनीचा कारखाना १९३९ पासून बेसिंगस्टोकमध्ये होता, त्यामुळे इथे तिची चर्चा घरोघरी झाली. गोळी घेतलेल्या काहींची कातडी उन्हाने भाजू लागली, आणि वृद्ध रोग्यांत कावीळ होऊन मृत्यू झाले. साठाहून अधिक मृत्यू या गोळीच्या संबंधात नोंदले गेले. ऑगस्ट १९८२ मध्ये तिचा परवाना थांबवण्यात आला. उतारवयात हे औषध शरीरातून बाहेर पडायला खूप जास्त वेळ लागत होता, आणि गोळी मुख्यतः ज्यांना द्यायची त्या म्हाताऱ्या माणसांवर ती आधी पुरेशी तपासलीच गेली नव्हती.

म्हणजे बघा, वन्सं म्हणतात म्हाताऱ्या माणसावर प्रयोग नको, आणि ओप्रेनचा धडा सांगतो की म्हाताऱ्या माणसांना चाचणीतून वगळले तर तोच प्रयोग पुढे बाजारात होतो, कुणाचे लक्ष नसताना.

मुलाने २००६ ची नॉर्थविक पार्कची आठवण काढली. लंडनच्या त्या इस्पितळाच्या आवारात सहा तरुणांना एक नवे औषध टोचले आणि काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले. पण ती पहिल्या टप्प्याची चाचणी होती, म्हणजे माणसाला ते औषध प्रथमच दिले जात होते. पहिल्या टप्प्यात थोड्या, बहुधा निरोगी माणसांना औषध देऊन ते सोसते का ते पाहतात. दुसऱ्यात काहीशे रोगी घेऊन मात्रा ठरवतात. तिसऱ्यात शेकडो-हजारो रोग्यांत नवे औषध जुन्याशी किंवा नुसत्या खोट्या गोळीशी ताडून पाहतात. कुणाला काय मिळाले हे रोग्यालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरलाही. ह्यांना आलेले पत्र तिसऱ्या टप्प्याचे होते. त्यातही धोका असतो, पण पहिल्या टप्प्याइतका अंधार नसतो.

रिसर्च नर्सचा एक प्रश्न

ह्यांनी जायचे ठरवले. आम्ही सोबत गेलो. रिसर्च नर्स आमच्या नातीच्या वयाची, पण कामात चोख. वीस-पंचवीस पानांचे माहितीपत्रक तिने घाई न करता समजावले. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येईल, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात काही फरक पडणार नाही, हे तिने दोनदा सांगितले. मग विचारले, "आता कोणती गोळी घेता?"

"ॲलोप्युरिनॉल, शंभर मिलिग्रॅम."

"किती वर्षे?"

"अकरा."

"आणि युरिक ॲसिड शेवटचे कधी तपासले?"

ह्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही जमिनीकडे. तिने कॉम्प्युटरवर शोधले, नऊ वर्षांपूर्वीचा रिपोर्ट निघाला. त्या दिवशी रक्त घेतले त्याचा आकडा आला ५४८. इथली मापे वेगळी असतात, भारतातल्या हिशेबाने ते साधारण ९.२ झाले. पाहिजे ३६० च्या खाली, म्हणजे ६ च्या खाली.

वाचकहो, ह्यांच्या गोळ्यांची डबी दर रविवारी आम्हीच भरतो. शंभरची गोळी ही सुरुवातीची मात्रा असते, तिथून हळूहळू चढवायची असते, हे आम्ही नोकरीत असताना दुसऱ्यांना सांगत होतो. घरात मात्र अकरा वर्षे तीच गोळी त्याच खान्यात टाकत राहिलो. वर्षातून तीन-चार झटके येत आणि आम्ही म्हणत असू, "तुम्हीच पथ्य पाळत नाही!" ह्यांना कलेजी बंद केली, बिअर बंद केली, तूरडाळसुद्धा कमी केली. डाळीने गाऊट वाढतो असे तपासण्यांत दिसलेले नाही, हे नंतर वाचले. दोष कुणा एकावर टाकण्यात अर्थ नाही. सर्जरीतून दर महिन्याला चिठ्ठी येत राहिली, औषधवाला गोळ्या देत राहिला, आणि कुणीच विचारले नाही, आम्हीही नाही. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

नव्या चाचणीत ह्यांना घेता आले नाही. जुन्या औषधाची पुरेशी मात्रा घेऊनही ज्यांचे युरिक ॲसिड उतरत नाही, असेच रोगी त्यांना हवे होते. "तुमच्या बाबतीत जुने औषध अजून नीट वापरूनच पाहिलेले नाही," असे सांगून तिने सर्जरीला तसे कळवले. ह्यांचा चेहरा उतरला. सही करण्यासाठी शर्टाच्या खिशात चांगले पेन नेले होते!

नर्सच्या हातात दिले तेव्हा

आमच्यासारखे किती असतील? नॉटिंगहॅमला याचीच एक मोठी तपासणी झाली, तिचा निकाल २०१८ साली लॅन्सेटमध्ये आला. गाऊटचे ५१७ रोगी घेऊन दोन गट केले. एका गटाचे नेहमीप्रमाणे सर्जरीतले उपचार चालू राहिले. दुसरा गट तयार केलेल्या नर्सेसकडे दिला. त्यांनी रोग्यांना आजार समजावला, रक्त तपासत तपासत मात्रा वाढवली. दोन वर्षांनी नर्सेसच्या गटात शेकडा ९५ जणांचा आकडा ३६० च्या खाली होता, दुसऱ्या गटात शेकडा ३० जणांचा. औषधे तीच, बहुतेकांना ॲलोप्युरिनॉलच. पुढे जून २०२२ मध्ये नाइस या सरकारी संस्थेने इंग्लंडसाठी सूचना काढल्या, त्यातही लक्ष्य ठरवून मात्रा चढवावी आणि नंतर वर्षातून एकदा रक्त तपासावे असेच म्हटले आहे.

ह्यांचेही तसेच सुरू झाले. दर चार आठवड्यांनी रक्ततपासणी आणि शंभरने वाढ. दोनशेवर आकडा ४७० आला. तीनशेवर ४०२. आणि नेमका तेव्हाच घोट्यात जोराचा झटका आला. हे चिडले, "नव्या औषधापासून वाचलो, आता जुन्याने मारा!" गोळी टाकूनच देणार होते. इथे पुष्कळ माणसे हार मानतात. खरी गोष्ट अशी, की युरिक ॲसिड उतरू लागले की साठलेले खडे विरघळू लागतात आणि त्या उलथापालथीत सुरुवातीचे काही महिने झटके येऊ शकतात. म्हणून सोबत थोडे कॉल्चिसिन देतात. ह्यांनी दोन दिवस घेतल्यावर पोट बिघडले म्हणून ते परस्पर बंद केले होते आणि आम्हाला सांगितलेही नव्हते! डॉक्टरांनी त्याची मात्रा कमी करून पुन्हा सुरू केले. चारशेवर आकडा आला ३३८.

मग नवे औषध हवेच कशाला?

हवे, कारण जुने सर्वांना चालत नाही. ॲलोप्युरिनॉलने क्वचित एखाद्याला अंगावर गंभीर पुरळ येते, ताप येतो, जिवावर बेतते. असे पुरळ दिसले तर गोळी ताबडतोब थांबवून डॉक्टरकडे जावे. किडनी कमजोर असेल तर मात्रा फार जपून चढवावी लागते. ॲझाथायोप्रिनची गोळी चालू असेल तर दोन्ही एकत्र धोक्याची ठरतात.

नव्या औषधांचा मार्गही सरळ नसतो. फेबुक्सोस्टॅटला युरोपात २००८ साली परवानगी मिळाली. २०१८ मध्ये अमेरिकेकडच्या एका चाचणीत, हृदयविकार असलेल्या सहा हजारांवर रोग्यांत, हे औषध घेणाऱ्यांत हृदयाच्या कारणाने झालेले मृत्यू ॲलोप्युरिनॉलपेक्षा जास्त दिसले. अमेरिकेने त्याच्या पाकिटावर कडक इशारा छापायला लावला. नंतर ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये साठ वर्षांवरच्या ६,१२८ रोग्यांवर झालेल्या चाचणीत असा वाढीव धोका दिसला नाही. तो निकाल २०२० चा. लेसिन्युरॅड नावाचे औषध तर २०१५-१६ मध्ये आले आणि २०२० पर्यंत बाजारातून गेलेही. टिगुलिक्सोस्टॅटसारखी आणखी नवी औषधे अलीकडे तिसऱ्या टप्प्यापर्यंत आली आहेत.

त्या ६,१२८ जणांचा आम्ही विचार करतो. सगळे आमच्यासारखे, साठी ओलांडलेले, चार गोळ्या घेणारे. त्यांनी सह्या केल्या म्हणून उत्तर मिळाले. ब्रिटनमधल्या चाचण्यांत आपल्यासारखी हिंदुस्थानी वंशाची माणसे कमी सापडतात. आपण मागे राहिलो तर आपल्या शरीराला औषध कसे लागू पडते हे कुणाला कळणार? म्हणून पत्र आले तर केराच्या टोपलीत टाकू नका. पण सही करण्याआधी पुढील गोष्टी जरूर विचारा.

१. चाचणी कोणत्या टप्प्याची आहे? आजवर किती माणसांनी हे औषध घेतले, त्यात माझ्या वयाचे किती?
२. जुने औषध मला पुरेशा मात्रेत देऊन झाले आहे का? माझा आजचा आकडा किती?
३. नवे औषध कशाशी ताडून पाहणार? मला खोटी गोळी मिळाली तर तेवढ्या काळात माझ्या दुखण्याचे काय?
४. माझ्या बाकीच्या गोळ्यांशी त्याचे जमते का? (डबीच सोबत न्या.)
५. रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?
६. चाचणी संपल्यावर औषध चालू राहील का?

कागद घरी आणा, दोन दिवस ठेवा, मुलांना दाखवा. घाई करणाऱ्यापुढे सही करू नका. आणि चालू असलेली कुठलीही गोळी, पाण्याची असो की गाऊटची, आपल्या मनाने बंद करू नका. किप्पूरच्या उपासाबद्दल आधीच डॉक्टरांशी बोला. जीव सांभाळण्याला आपल्या धर्मात पहिले स्थान आहे.

गेल्या किप्पूरला हे डॉक्टरांना विचारून उपासाला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून स्वतःच बूट घालून पेपर आणायला गेले. गेल्या दहा महिन्यांत झटका नाही.

परवा वन्संचा फोन आला. त्यांच्या यजमानांचा गुडघा सुजला होता, डॉक्टर म्हणाले गाऊट. "वहिनी, तिकडचे ते नवे औषध मिळेल का हो?" आम्ही म्हटले, "आधी त्यांच्या गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा बघू."

"ॲलोप्युरिनॉल, शंभर. सात वर्षं झाली घेतायत."

"आणि शेवटची ब्लड टेस्ट कधी केली?"

फोनवर बराच वेळ शांतता होती.

वाचकहो, आपल्या घरातली डबीही आज एकदा उघडून पाहा. सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. शालोम.